पटावरची पोरं अन् पिवळी व्हॅन

पत्र असं आलंय, थोडं छाटून देते:

"ताई नमस्कार. मी पाटोदा तालुक्यातली (जि. बीड), गावाचं नाव टाकू नका, नाहीतर घरात महाभारत होईल. माझी पोरगी गावच्या झेडपीच्या शाळेत पाचवी झाली, आता सहावीला जाईल. शाळा आठवीपर्यंत आहे. सहावी ते आठवी मिळून पट ४७, त्यात मुली २९ अन् मुलं १८. शिक्षक दोनच, गणित-विज्ञानाचे सर दोन वर्षांपूर्वी बदलून गेले तेव्हापासून कुणी आलंच नाही. ४७ पैकी ३० पोरं ऊसतोडवाल्यांची, दिवाळी झाली की वर्ग रिकामा. शिष्यवृत्तीला आठजण बसले, एकच पात्र झाला, माझी नाही झाली. जाऊबाईंची दोन्ही पोरं तालुक्याला इंग्लिश मीडियमला जातात, पिवळी व्हॅन दारात येते, तिथं सगळ्यांना ए ग्रेड. त्या म्हणतात त्या पोरांच्यात बसून तुझी पोरगी पण तशीच होणार. सासूबाई म्हणतात पोरीवर एवढा खर्च कशाला, नातू पुढच्या वर्षी पहिलीला जाईल त्याला घाला. मिस्टर म्हणतात फी २४ हजार अन् व्हॅनचे महिन्याला बाराशे, एकाचंच जमेल. पोरगी म्हणते मैत्रिणींना सोडून जायचं नाही. तीन एकर कोरडवाहू अन् छोटं किराणा दुकान आहे. १६ जूनला शाळा उघडते, काय करू?"

हे बघ, ताई म्हणालीस तर मी सरळ एकेरीवर येते, राग मानू नकोस. आधी माझं स्वतःचं सांगून टाकते म्हणजे नंतर कुणी कमेंटमध्ये उकरून काढायला नको. मी ३१ वर्षं झेडपीत शिकवलं, त्यातली बरीचशी सहावी ते आठवीलाच, आणि माझा स्वतःचा पोरगा मी इंग्लिश मीडियमला घातला होता. लोक म्हणतात ना झेडपीच्या मास्तरांची पोरं झेडपीत नसतात, त्या लोकांत मी पण आले. तेव्हा उपदेशाच्या पाटावर बसून बोलत नाहीये, खड्ड्यात पडलेली बाई बोलतेय असं समज.

माझं मत आधीच सांगते. ते वर्षाचे ३६ हजार (फीचे २४ अन् व्हॅनचे दहा महिन्यांचे १२) घालू नकोस. पण पोरगी आहे तिथं आहे तशीच राहू दे असं पण मी म्हणत नाहीये, कारण तुझ्या पत्रात घाबरावं अशी एकच गोष्ट आहे अन् ती तू अर्ध्या ओळीत उरकलीस. तिच्याकडं येतेच.

आधी ते आठात एक पात्र वगैरे. तुला वाटतंय की हा शाळेचा रिझल्ट. मला विचारशील तर तो गावातून कोण शाळेत राहिलं अन् कोण गेलं याचा रिझल्ट आहे. विचार कर, तुमच्या गावात ज्यांची बरी परिस्थिती आहे, ज्यांच्या घरी कुणी बारावी झालेलं आहे, ज्यांना संध्याकाळी पोराजवळ बसायला वेळ आहे, त्यांची पोरं कधीच व्हॅनमध्ये बसून गेली. राहिली कोण, तर ज्यांचे आईबाप नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल कोल्हापूर, सांगली नाहीतर पार बेळगावकडं कोयता घेऊन असतात ती, आणि अजून तुझ्यासारखे चार-दोन जण. आता या दोन शाळांचे मार्क शेजारी ठेवून ही चांगली ती वाईट म्हणायचं म्हणजे एका रानाला पाटाचं पाणी अन् दुसरं पावसाच्या भरवशावर, आणि उतारा कमी आला म्हणून बियाण्याला शिव्या द्यायच्या. तुझं तीन एकर कोरडवाहू आहे ना, तुला हे मी काय सांगायचं.

माझ्या सातवीत एका वर्षी ३१ पोरं होती. जूनमध्ये सगळी, दिवाळीनंतर हजेरी घेतली तर १४. बाकीची टोळीबरोबर गेली, त्यातल्या पोरींना तर लहान भावंडं सांभाळायलाच नेतात. परत आली ती पाडव्याच्या आसपास, कुणी त्याच्याही नंतर, आणि लगेच संकलित चाचणी समोर. म्हणजे अपूर्णांक, क्षेत्रफळ, अख्खं दुसरं सत्र त्यांच्या आयुष्यात झालंच नाही, अन् पेपर मात्र सगळ्यांना सारखा. मग वर्गाची सरासरी काढायची अन् केंद्रप्रमुखांनी मीटिंगमध्ये विचारायचं, मॅडम तुमचा वर्ग खाली का?

त्यातलाच एक पोरगा. त्याला फळ्यावर वजाबाकी दिली, ३४६० वजा ८९०. हातच्यात अडकला, भलतंच उत्तर. खाली बसला, मान खाली. मला काय वाटलं काय माहीत, मी म्हटलं अरे, काट्यावर भरलेली गाडी ३ टन ४६० किलो भरली अन् रिकामी ८९०, तर ऊस किती? डोळे वर करून एका सेकंदात म्हणाला, दोन टन पाचशे सत्तर. वर मलाच विचारतो, मॅडम, यातली वाढ्याची (उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याची) कपात धरायची का? चार महिने बापाच्या बरोबर काट्यावर उभा राहून पावत्या वाचत होता तो. त्याला वजाबाकी येत होती, मांडणी येत नव्हती, आणि ती शिकवायला तो माझ्यासमोर वर्षातले पाच-साडेपाच महिनेच होता. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी नोंदीत, असल्या पोरासाठी रकाना नसतो बघ.

म्हणून "त्या पोरांच्यात बसून तशीच होणार" हे जे जाऊबाईंचं आहे ना, त्याच्यात दोन गोष्टी आहेत. एक जी त्या बोलल्या अन् एक जी त्या बोलल्या नाहीत. न बोललेली तुला पण कळते अन् मला पण, ती पोरं म्हणजे कुठल्या वस्तीवरची, कुठल्या तांड्यावरची, तू पत्रात जात लिहिली नाहीस पण पत्राला वास येतो. तो विषय मी एवढ्यावरच सोडते, फक्त पोरीसमोर "त्या पोरांच्यात" हा शब्द घरात कुणी वापरत असेल तर ते आजपासून बंद कर. तिच्या मैत्रिणी आहेत त्या. आणि बोललेली गोष्ट, म्हणजे त्यांच्यामुळं आपली पोरगी मागं पडते, ती अगदीच खोटी नाही. पण मागं पडते ती शेजारी कोण बसलंय म्हणून नाही. एप्रिलमध्ये ऊसतोडीची पोरं परत आली की सर परत पाठीमागचं घेतात, घ्यावंच लागतं, अन् जी वर्षभर हजर होती ती तेवढे दिवस नुसती बसून असतात. याला उपाय आहे, शेवटी सांगते, अन् तो तुझ्या हातातला आहे.

आता ए ग्रेड. अगं, आठवीपर्यंतचे मार्क प्रत्येक शाळा स्वतःच देते. माझ्या शाळेत मी द्यायचे, तिथं तिथल्या मॅडम देतात. फी घेणाऱ्या शाळेनं पालकाच्या हातात सी ग्रेड ठेवली तर पुढच्या वर्षी व्हॅनमधली एक सीट रिकामी होते, एवढं साधं गणित आहे. शिवाय बऱ्याच ठिकाणी ॲडमिशनच्या आधी आईबापाचाच इंटरव्ह्यू घेतात, आरटीई कायद्यात, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात, अशा चाळणीला बंदी आहे तरी घेतात. आणि आईबाप निवडून घेतले की अर्धा निकाल निवडून झाला. माझ्या पोराचं तेच झालं. रोज संध्याकाळी मीच त्याला गणित घ्यायचे, सायन्सचा धडा आधी मराठीत समजावून सांगायचे मग तो इंग्लिशमधून पाठ करायचा. दहावीला चांगले मार्क पडले अन् शाळेनं चौकात फ्लेक्स लावला, त्यावर त्याचा फोटो. मी फ्लेक्सखालून रोज स्कूटीवर झेडपीच्या शाळेत जायचे. हसू पण यायचं अन् लाज पण वाटायची.

तुझ्या पोरीचं तर अजून अवघड, ती एकदम सहावीला जाणार. पाच वर्षं मराठीत शिकून अचानक सगळे विषय इंग्लिशमधून, म्हणजे बऱ्याच शाळा अशा वेळी पोराला एक वर्ष मागं बसवतात, परत पाचवी. हे त्यांनी तुला फी सांगताना सांगितलं का? विचार. आणि घरी तिचा सायन्सचा धडा कोण घेणार हे पण स्वतःला विचार, दुकान सांभाळून.

पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. मुली २९, मुलं १८. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीडचं काय आलं होतं आठवतंय का, सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं मुली ८०७. राज्यात सगळ्यात खाली. गर्भलिंग निदानाच्या केसेस, ते सगळं प्रकरण, देशभर नाव झालं जिल्ह्याचं. म्हणजे ज्या जिल्ह्यात जन्मालाच मुली कमी येत होत्या तिथल्या झेडपीच्या वर्गात मुलींची गर्दी कशी काय? मुलं गेली कुठं? मुलं व्हॅनमध्ये आहेत गं. माझ्या वर्गात पण हेच होतं, पोरगी झेडपीत अन् तिचाच भाऊ इंग्लिशला, एकाच घरातून सकाळी दोघं दोन दिशांना. सासूबाई जे बोलल्या ते काय त्यांच्या एकट्यांच्या मनातलं नाहीये, ते तुमच्या शाळेच्या हजेरीपटावरच लिहिलेलं आहे. पैसे एकाचेच असतील तर ते कुणाचे हे आधीच ठरलेलं असतं, वर त्याला कारणं लावली जातात.

आता ती अर्धी ओळ. गणित-विज्ञानाचे सर दोन वर्षांपूर्वी गेले अन् कुणी आलं नाही. ही आहे खरी भानगड. उसतोड नाही, झेडपी नाही, मीडियम नाही. आरटीई कायदा २००९ चा, त्यात साफ लिहिलंय की सहावी ते आठवीला ३५ पोरांमागं एक शिक्षक पाहिजे, आणि विज्ञान-गणित, भाषा, सामाजिक शास्त्र यांना निदान एकेक तरी पाहिजेच. सहावीत ऋण संख्या येतात, समीकरणं येतात, सातवी-आठवीत बीजगणित पक्कं व्हायला लागतं. हे दोन वर्षं भाषेच्या बाईंनी वेळ मारून नेत शिकवलं तर पोरगी नववीत उभी आडवी होते, मग तिथून कुणी सावरत नाही.

तर पहिलं काम, मुख्याध्यापकांना जाऊन एकच प्रश्न विचार: ती जागा संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते सरकार ठरवतं त्या मंजुरीत, आहे का? मंजूर आहे पण रिक्त आहे, असं असेल तर भांडण पंचायत समितीत, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, बदली झालेल्या जागी माणूस द्या, नाहीतर तोवर शेजारच्या शाळेतले सर आठवड्यातले तीन दिवस कामगिरीवर तरी पाठवा. मंजूरच नाही, असं असेल तर पट कमी झाल्यानं ती गेली, मग कितीही अर्ज दे काही होत नाही. हे दोन आजार वेगळे आहेत अन् गावात सगळे एकच औषध मागत बसतात. अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासकट द्यायचा, आवक नंबर घ्यायचा, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या अर्जाला कुणी विचारत नाही.

आणि पट म्हणजे ३० सप्टेंबरचा पट, हे लक्षात ठेव. त्या दिवशी जी संख्या तिच्यावर पुढची शिक्षकांची पदं ठरतात. जाऊबाई दोन पोरं घेऊन गेल्या, तू एक नेलीस, अजून कुणी दोन नेली, झाले पाच कमी. मग शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन होऊन तो दुसरीकडं जातो, शिक्षक गेला म्हणून अजून चार पोरं जातात. शाळा बंद पडली असं आपण म्हणतो ती अशीच पडते, दर वर्षी चार-पाच पोरांनी. तुला गावची शाळा वाचवायला पोरगी पणाला लाव असं मी सांगणार नाही, ते तुझं काम नाही, पण हे कसं चालतं ते माहीत असू दे.

आता तिची परीक्षा घे. शिष्यवृत्तीची सोड, त्यात अर्धं तंत्र असतं, सराव पेपर किती सोडवले त्याचं. तू घरी घे, रविवारी सकाळी, आंघोळी झाल्यावर, ओरडायचं नाही अन् नवऱ्याला बाजूला बसवायचं नाही. दुसरीचं बालभारती घे, धाकट्यासाठी कुणाचं तरी मागून आणशीलच पुढंमागं, नाहीतर त्यांच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे. मधलं एक पान उघड, वाच म्हणावं. न अडखळता वाचलं तर पाचवीचं घे, अन् वाचून झाल्यावर पुस्तक मिटून विचार, काय होतं यात, सांग मला. मग एक भागाकार दे, ८४७ ला ६ नं. भागाकार १४१, बाकी १. बोटं मोडू दे, वेळ घेऊ दे, तू तोंडातून उत्तर काढू नकोस.

हा काय मी शोध लावलेला नाही, असर नावाचा जो सर्व्हे होतो, 'प्रथम'वाले गावोगाव जाऊन करतात, त्यात साधारण असंच तपासतात. २०२४ च्या असरमध्ये देशातल्या ग्रामीण भागात आठवीतल्या शंभरातल्या ७१ पोरांना दुसरीचा उतारा वाचता आला, अन् असा तीन अंकीला एक अंकीचा भागाकार जमला फक्त ४६ जणांना. आठवीतल्या! अन् खाजगी शाळा धरून. म्हणजे भागाकार न येणारी पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये पण बसलेली आहेत, त्यांना फक्त टाय आहे. जमलंच तर जाऊबाईंच्या पोराला पण हाच ८४७ चा भागाकार गमतीगमतीत घालून बघ, आणि त्याच्या इंग्लिशच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला लावून त्याचा अर्थ मराठीत सांग म्हण. घरात भांडण लागलं तर माझं नाव सांगू नकोस.

समजा पोरगी वाचते, गोष्ट सांगते, भागाकार येतो. मग ती पाचवी शिकलेली आहे, शाळेनं अन् तू मिळून तिला शिकवलंय, शिष्यवृत्ती गेली तर गेली. अशा वेळी सहावीला तिथंच ठेव, अट एकच, ऑगस्टपर्यंत गणिताला माणूस आला पाहिजे. सेमी इंग्रजी सुरू आहे का विचार, गणित-विज्ञान इंग्लिशमधून अन् बाकी मराठी, झेडपीच्या कितीतरी शाळांत आहे, इंग्लिशची धास्ती त्यानं बरीच कमी होते.

ऑगस्ट उलटला अन् सर आले नाहीत, किंवा पद मंजूरच नाही असं कळलं, तर हलव. पण व्हॅनच्या शाळेत नाही. तुमच्या आसपास पाच-सात किलोमीटरवर कुठलं तरी अनुदानित विद्यालय असेलच, पाचवी ते दहावीचं, जिथं पूर्वी सगळा तालुका शिकायचा अन् आता ज्याचं नाव कुणी घेत नाही कारण त्यांना फ्लेक्स लावता येत नाही. तिथं विषयाला बीएड झालेला शिक्षक असतो, फी नावापुरती असते, आणि ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून, पाचवी ते बारावी. एसटीची वेळ मात्र आधी स्वतः दोन दिवस स्टँडवर उभी राहून बघ, कागदावरची गाडी अन् खरी गाडी यात फरक असतो. संध्याकाळची परतीची गाडी किती वाजता आहे ते जास्त महत्त्वाचं.

यात अजून एक फायदा आहे जो तुला इंग्लिशवाले सांगणार नाहीत. आठवीला एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या पोरांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. सातवीला ५५ टक्के पाहिजेत, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये पोरीच्या खात्यात. चार वर्षांचे ४८ हजार. ही फक्त सरकारी, झेडपी-नगरपालिकेच्या अन् अनुदानित शाळांतल्या पोरांना. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की बसताच येत नाही. म्हणजे तू तीन वर्षांत १ लाख ८ हजार घालवून हे ४८ हजार पण सोडणार. मिस्टरांना हे दुकानाच्या वहीत मांडून दाखव, माणूस हिशोबाचा दिसतोय, कळेल त्याला.

आणि समजा पोरगी दुसरीच्या पुस्तकावरच अडखळली. होतं असं, लाजायचं काही नाही, माझ्याकडं सहावीत आलेल्या कितीतरी अशा होत्या. मग यंदा शाळा बदलायचा विषयच नको, कुठल्याही शाळेत गेली तरी ती मागच्या बाकावरच बसेल. जून ते दिवाळी रोज अर्धा तास, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मोठ्यानं वाचायला लाव. बिस्किटाच्या पुड्यावरचं, पेपरातलं, देवाचं पुस्तक, काहीपण. हिशोब तिला करू दे, उधारीची वही तिला लिहू दे. दिवाळीत परत बघ.

नववीचं पण आत्ताच ठरवून ठेव. तुमची शाळा आठवीला संपते अन् आरटीईचा हक्क पण तिथंच संपतो, अन् गावातल्या पोरी बरोबर त्याच पायरीवर घसरतात. पुढची शाळा लांब, जाणार कुणाबरोबर, मग घरी बसव, मग स्थळ. आपल्या जिल्ह्यात १८ च्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण मागच्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ ची ती, ४० टक्क्यांच्या वर होतं, राज्याचं २२ च्या आसपास. टोळीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, जोडी असली की उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते, म्हणून पोरीचं उरकतात. तुमच्या घरात तसं नाही, पण तिच्या मैत्रिणींच्या घरात आहे. ती ज्यांना सोडून जायचं नाही म्हणते त्यांच्यातल्या किती नववीत असतील ते सांगता येत नाही.

म्हणून तो मघाशी म्हणाले तो उपाय. हंगामी वसतिगृह. आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावातच, आजीकडं नाहीतर नातेवाइकांकडं राहतात अन् जेवणाची सोय शाळेमार्फत होते, साधारण सहा महिने. प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीनं द्यायचा असतो, स्थलांतर करणाऱ्या पोरांच्या यादीसकट, अन् तो दसऱ्याच्या आधी गेला पाहिजे, टोळ्या हलल्यावर याद्या करून काय उपयोग. ३० पैकी १५ पोरं जरी थांबली तरी वर्ग चालू राहतो, एप्रिलमध्ये परत पहिल्यापासून घ्यावं लागत नाही, अन् तुझ्या पोरीचे ते फुकट जाणारे दिवस वाचतात. जी थांबणार नाहीत त्यांना शिक्षण हमी पत्रक देऊनच सोडायचं, तिकडच्या शाळेत निदान बसता तरी येतं.

समितीत तू आहेस का? नसशील तर हो. ७५ टक्के सदस्य पालक पाहिजेत अन् निम्म्या बायका पाहिजेत असा नियम आहे, म्हणजे त्यांना तुझ्यासारखी बाई शोधावीच लागते, नाहीतर कुणाच्या तरी बायकोचं नाव लिहून सही घरून आणतात. आणि एक लक्षात घे, हिवाळ्यात मीटिंग असते तेव्हा निम्म्याहून जास्त पालक फडात असतात. गावात राहिलेल्यांनी बोललं नाही तर बोलायला कुणी नसतंच.

सासूबाईंना काय सांगायचं ते मला विचारू नकोस, माझ्या सासूबाईंना मी ३१ वर्षांत काही सांगू शकले नाही. नातवाला पुढच्या वर्षी व्हॅनमध्ये बसवायचंय तर तो वाद पुढच्या वर्षी घाल. फक्त मिस्टरांकडून आत्ताच एक कबूल करून घे, की त्याच्यावर जे वर्षाला ३६ हजार जातील तेवढेच हिच्या नावानं पोस्टात पडतील. बघ काय म्हणतात ते.

रविवारी तो भागाकार घे अन् काय झालं ते कळव. बाकी १ ती विसरली तरी चालेल, पहिल्यांदा सगळेच विसरतात.